मागाच्या आवाजात वाढलेला किशन

माझा भाचा किशन जर्मनीला शिकायला गेला, हे बेळगावच्या आमच्या वडगावात सगळ्यांना माहीत आहे. तिथं तो एकाच विषयात दोनदा नापास झाला हे थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचं कारण भलतंच माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसलो. त्याची आई सोनाबाई माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणतो. हे तिच्या वाचनात येईल अशी भीती नाही. तिला चष्मा लागलाय, आणि गेली कित्येक वर्षं ती येत्या सोमवारी तो करायला जाणार आहे.

मी स्वतः मागावर बसलो नाही. वडिलांचे हातमाग होते, पण माझ्या हातून एक दोरा सरळ गेला तर शपथ. शेवटी सरकारी बसवर कंडक्टर झालो आणि उभी नोकरी बेळगाव-निपाणी रस्त्यावर काढली. आक्काला मात्र विणकराच्याच घरी दिली. दाजींच्या, म्हणजे तम्मण्णांच्या घरात चार पॉवरलूम आहेत. घर कसलं, पुढं माग, मागं स्वयंपाकघर, आणि मधे जी जागा उरेल तिच्यात माणसं. सकाळी माग चालू झाले की जमिनीपासून पत्र्यापर्यंत सगळं थरथरायला लागतं. ताटातला भात हलतो असं म्हणालो तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल, पण वाटीतल्या ताकावर लाटा उठलेल्या मी पाहिल्या आहेत.

अशा घरात बोलायचं म्हणजे एक तर ओरडायचं, नाहीतर नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. जोडीला हाताच्या खुणा. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं जुळवून सोडली की दोरा तुटला. डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं की कोणीतरी बाई दारात आली आहे. मी गेलो की आक्का हवेत तिकीट फाडते, आणि आतून किशनची बहीण स्वरूपा पाण्याचा तांब्या घेऊन येते. वडगावात गल्लोगल्ली लोक असंच बोलतात. यात काही कसब आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

किशन याच आवाजात जन्मला, मागाच्या शेजारी पोतं अंथरून त्यानं अभ्यास केला, आणि कळायला लागल्यापासून कॉलेज संपेपर्यंत सकाळच्या वेळी मागावर उभाही राहिला. शाळा मराठी. पुढं सायन्स घेतलं तेव्हा सगळं इंग्रजीत आलं, तेही त्यानं पाठ करून, घासूनपुसून पार केलं आणि बेळगावातल्याच एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअर झाला. वर्गात त्याची जोडी जमली टिळकवाडीच्या सौरवशी. सौरवचे वडील वकील, शाळा इंग्रजी, घरी बोलणं असं हळू की मला तर वाटायचं या घरात कुणीतरी आजारी आहे. सौरवनं जर्मनीचा ध्यास घेतला आणि त्याच्या नादानं यानंही अर्ज केला. इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याच्या पेपरात याला सौरवपेक्षा जास्त मार्क पडले. हेडफोन लावून परीक्षा, आवाज आपल्या हातात. यानं तो शेवटपर्यंत वाढवला होता. तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, दुसरा काही विचार कुणाला सुचला नाही.

दोघांनाही एकाच कॉलेजात जागा मिळाली. गावाचं नाव माग्डेबुर्ग. दाजींना परदेशातलं एकही नाव लक्षात राहत नाही, पण हे राहिलं. ‘माग हाय की त्यात,’ म्हणाले, आणि त्यावर समाधान मानून चालू मागाकडं वळले.

आक्कानं कडक भाकऱ्यांची चळतच्या चळत बांधून दिली, शेंगांची चटणी दिली, शेजाऱ्यांनी कुंद्याच्या मिठाईचा डबा दिला. विमानतळावर काही काढून घेतील म्हणून दोन दिवस तिला झोप नव्हती. कुणी काही काढलं नाही. तिकडं विद्यार्थ्यांच्या इमारतीत त्याला एक खोली मिळाली, आणि स्वयंपाकघर योनास नावाच्या जर्मन मुलाबरोबर सामाईक. या योनासची दाढी छातीपर्यंत आणि आवाज दाढीच्या आतल्या आत. त्याला कडक भाकरी भारी आवडली. त्याला ती बिस्किटं वाटायची. लोणी लावून तो एका बैठकीला दोन संपवायचा आणि किशन मनातल्या मनात हिशोब घालत बसायचा, की आता दिवाळीपर्यंत पुरतात की नाही.

किशन रोज नाही, पण दोन-तीन दिवसांआड मला फोन करायचा. मामाला सगळं सांगायची त्याला लहानपणापासून सवय. शिवाय माझा आवाज कंडक्टरचा. निवृत्त झालो तरी अजून मी घरात ‘पुढं सरका’ याच पट्टीत बोलतो, असं माझी बायको म्हणते. माझ्याशी फोनवर बोलायला त्याला का सोपं जायचं, ते मला फार उशिरा कळलं.

पहिली तक्रार भाकरीची नव्हती, थंडीचीही नव्हती. तक्रार होती, की हितं आवाजच न्हाय.

“म्हणजे कसं रं?” मी विचारलं.

“काय म्हणजे काय न्हाय मामा. रविवारी तर कुणी खिळा पण ठोकायचा न्हाय, नियमच हाय. दुपारी पडलो तर झोप लागंना. माग बंद पडलाय असं वाटून दचकून उठतोय.”

मग यानं काय करावं? स्वरूपाला सांगून घरच्या मागांचा आवाज फोनवर भरून मागवला, आणि रविवारी दुपारी उशाशी लावून झोपला. त्याच्या मते हळू लावला होता. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरची म्हातारी जिना चढून वर आली. रागावली नाही बिचारी. तिनं फक्त विचारलं, की तू खोलीत कुठलं यंत्र बसवलं आहेस, मला बघायचंय. यानं फोन दाखवला. म्हातारी फोनकडं बघत राहिली, मग याच्याकडं बघत राहिली, आणि हळूहळू जिना उतरून गेली. पुढं ती दिसली की हा मान खाली घालून जायचा.

ट्राममध्येही तोच प्रकार. तिथं माणसं कुजबुजतात, आणि आमचा किशन मोबाईलवर माझ्याशी बोलायचा ते वडगावच्या बोलण्यानं. सौरवनं त्याला एकदा कोपरखळी मारली. “अरे, हळू बोल जरा. तुझ्या मामांच्या गुडघ्याचं दुखणं सगळ्या ट्रामला कळलंय.” किशन ओशाळला, पण हळू म्हणजे किती हळू ते त्याला समजेना. योनासनं तर कहरच केला. हा घरी व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा इकडं माग चालू असायचे, मग बोलणं खुणांनीच. आक्का अंगठा ओठाला लावून ‘चहा घेतलास काय’ विचारायची, हा मान हलवायचा. ते बघून योनासला वाटलं, याचे आईबाप मुकेबहिरे आहेत. तेव्हापासून तो किशनशी फारच मायेनं वागायला लागला, आणि भांडी घासायची पाळी याची असली तरी गुपचूप आपणच घासायला लागला. किशनला याचं कारण कळायला बरेच दिवस लागले. कळल्यावर तो फोनवर इतका हसला, की मी फोन कानापासून लांब धरला.

इथवर सगळी गंमत होती. थंडी वाढली तशी गंमत संपली.

शिकवणं सगळं इंग्रजीत होतं, पण वर्गात त्याला काही कळेना. फळ्यावर लिहिलेलं कळायचं, पुस्तकातलं कळायचं. मास्तर याच्याकडं तोंड करून बोलले तर बरंचसं कळायचं. ते फळ्याकडं वळले की संपलं. सगळे हसले की हा हसायचा, सगळ्यांनी वही उघडली की हा उघडायचा. लेखी पेपरात उत्तम मार्क. पण एका विषयाची परीक्षा तोंडी होती, आणि तिथले प्राध्यापक योनाससारखेच दाढीत बोलणारे. त्यांनी विचारलं, यानं आपल्या अंदाजानं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, यानं दुसरं उत्तर दिलं. दोन्ही उत्तरं बरोबर होती, फक्त ती त्या प्रश्नांची नव्हती. नापास.

दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा, पुन्हा तेच. तिथला नियम असा, की तिसऱ्यांदा नापास झालं की नुसता विषय नाही, शिक्षणच संपलं. व्हिसाही गेला. गाशा गुंडाळायचा आणि घरी यायचं. घरी म्हणजे चार मागांपाशी.

ज्यांना हे कळलं त्यांना कारण आधीच ठाऊक होतं. मराठी मिडियम. आमच्या बेळगावात हे औषधाच्या दुकानातल्या गोळीसारखं आहे, कुठल्याही दुखण्यावर चालतं. मुलाला नोकरी नाही, मराठी मिडियम. मुलाचं लग्न जमेना, मराठी मिडियम. सौरव म्हणाला, “तुझं इंग्लिश मनात भाषांतर करून येतं, म्हणून वेळ लागतो. सिनेमे बघ.” यानं सिनेमे बघितले. खाली अक्षरं येतात तसले. सगळं कळायचं. याला वाटायचं आता जमलं, आणि सकाळी वर्गात गेला की पुन्हा पाटी कोरी. शिकवणाऱ्यांनी त्याला इंग्रजीच्या जादा वर्गाला घातलं. तिथली बाई प्रत्येकाच्या समोर येऊन मोठ्यानं, सावकाश बोलायची. तिथं हा पहिला आला.

“मामा, माझं डोस्कं मोठं न्हाय,” एक दिवस तो म्हणाला. “पाठ करून हितपर्यंत आलतो. आता उघडं पडलंय.”

मी त्याला वाट्टेल ते बोललो. शिव्या दिल्या म्हणा ना. पण त्याच्या बोलण्यात रडणं नव्हतं, नुसता थकवा होता, आणि त्याची मला धास्ती वाटली. घरी दाजी म्हणाले, येऊ दे, माग हाईत. आक्का म्हणाली, असू दे, अजून एक डाव दे की बाळा, मी हाय की. तिनं किती धीर दिला मुलाला, असं मी माझ्या बायकोला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मग उन्हाळा लागला आणि प्रयोगशाळेतलं काम सुरू झालं. मोठा हॉल, त्यात यंत्रं, आणि यंत्रं चालू झाली की प्रत्येकानं कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या घालायच्या. किशनला त्या हॉलमध्ये शिरताच बरं वाटलं. त्याचे शब्द असे, की ‘घरात आल्यासारखं झालं.’ तिथल्या बाई, पिकल्या केसांच्या, कडक, लांबून हातवारे करून सूचना देत होत्या आणि एकाही मुलाला काही कळत नव्हतं. सौरव गोंधळून इकडं-तिकडं बघत होता. किशन हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्यानं बाईंच्या ओठांकडं बघितलं आणि सांगितलेला दांडा ओढला. पुढची सूचना, पुढचं काम. एकदा पट्टा सरकायला लागला तेव्हा यानं त्यांना दोरा तुटल्याची वडगावची खूण केली, आणि त्यांनाही ती बरोबर समजली. सबंध तासभर त्या एवढ्याशा पोराच्या भरवशावर काम चाललं. तिथं पहिल्यांदाच त्याला कुणी शाबासकी दिली.

तास संपला, यंत्रं थांबली, सगळ्यांनी टोप्या काढल्या. किशन खाली बसून केबल गुंडाळत होता. बाई त्याच्या पाठीमागून आल्या आणि काहीतरी विचारलं. हा केबल गुंडाळतोय. त्यांनी पुन्हा विचारलं. हा गुंडाळतोय. हे सगळं त्याला नंतर सौरवनं सांगितलं, कारण किशनच्या लेखी मागं कुणी नव्हतंच. बाई पुढं आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. हातातली फाईल तोंडासमोर धरली आणि बोलल्या. किशन त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहिला. फाईल खाली आली, तेच वाक्य त्या पुन्हा बोलल्या, तेवढ्याच आवाजात, आणि यानं लगेच उत्तर दिलं.

बाईंनी फाईल बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “तुझ्या घरात कोणी बहिरं आहे का?”

“नाही,” किशन म्हणाला. “कोणीच नाही.”

“मग ओठ वाचायला कुठं शिकलास?”

शिकायचं काय असतं त्यात, असं त्याला वाटलं. त्यांनी त्याला दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं जायला लावलं.

तिथं एका काचेच्या, जाड भिंतींच्या छोट्या खोलीत बसवतात. कानात बारीक आवाज सोडतात, आवाज आला की बटण दाबायचं. किशन बटणावर अंगठा ठेवून बसला. दोन-चारदा दाबलं. मग बराच वेळ काही येईना, म्हणून त्याला वाटलं मशीन बिघडलं असेल, आणि तो काचेपलीकडं मशीन चालवणाऱ्या पोरीकडं बघून हसला. ती हसली नाही. तिकडं आवाज चालूच होते.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला सरळ जाते आणि मग कड्यावरून पडल्यागत खाली जाते. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत, आणि माणसाच्या बोलण्यातले निम्मे अर्थ त्या बारीक आवाजांत असतात. राहिलेलं तू समोरच्याच्या तोंडावरून भरून काढतोस, ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “कुठल्या कारखान्यात काम करत होतास? किती वर्षं?”

“कारखान्यात नाही,” किशन म्हणाला. “घरात होतो.”

डॉक्टरांना वाटलं, याला प्रश्न समजला नाही. त्यांनी तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द तोडून पुन्हा विचारला. यानंही तेच उत्तर सावकाश, तोडून दिलं.

त्या दिवशी त्यानं मला फोन केला तेव्हा तो रडला. मी घाबरलो, पण तो म्हणाला, “मामा, माझं डोस्कं बरोबर हाय. कान गेल्यात नुस्तं.” कान गेले म्हणून आनंदानं रडणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला. मीही रडलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर तिला म्हणालो, किशनला सर्दी झाली आहे.

ऐकायची यंत्रं बसली. कानामागं बसतात, शेंगदाण्याएवढी. पहिले दोन दिवस त्याला वेड लागायची पाळी आली. स्वतःचा कोट सळसळतो हे माहीत नव्हतं. फ्रिज बोलतो हे माहीत नव्हतं. पावलाखाली खडी वाजते, कागद उलटताना वाजतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, स्वतःचा आवाज. आपण एवढे महिने ट्राममध्ये कसे बोलत होतो ते त्याला एकदम ऐकू आलं. लाजेनं तो इतका हळू बोलायला लागला, की सौरव म्हणाला, “आता मला यंत्र लावावं लागेल.” सौरव पोरगा वाईट नाही. त्यानं पुढं जाऊन एवढंही सांगितलं, की मिडियमचं मी उगाच बोललो. टिळकवाडीच्या माणसानं एवढं कबूल करणं म्हणजे पुष्कळ.

प्रश्न एकच राहिला, घरी सांगायचं कसं. दाजींचं काही नव्हतं, ते मान हलवून मागाकडं वळले असते. पण आक्का? तिनं किशनला अंगावर पाजलं ते मागाच्या शेजारी बसून. लेकराचे कान आपल्या घरानं खाल्ले हे तिला कळलं, तर ती ते कुणाच्या नावावर लिहील, हे सांगायला नको. आम्ही दोघांनी ठरवलं, की आधी परीक्षा होऊ दे. पास झाला की ती बातमी पहिल्यांदा द्यायची, आणि तिचं तोंड गोड झालं की त्याच फोनवर ही दुसरी. तोपर्यंत त्यानं केस वाढवून कान झाकले. आक्काला ते केस मुळीच आवडले नाहीत. फोनवर ती कात्री चालवल्याची खूण करायची.

परीक्षा झाली. दाढीवाल्या प्राध्यापकांनी तेच प्रश्न विचारले की दुसरे, मला माहीत नाही. यानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. प्राध्यापक म्हणाले, मधल्या काही महिन्यांत तुझी भाषा विलक्षण सुधारली आहे. यानं थँक्यू म्हटलं.

निकाल लागला त्या दिवशी अमावस्या होती. आमच्याकडं अमावस्येला माग बंद असतात. मागांना तेल-पाणी करायचं, पूजा करायची, माणसांनी पाठ टेकायची. महिन्यातला हा एक दिवस दाजींच्या घरात आवाज नसतो. किशननं फोन केला. आक्का स्वयंपाकघरात होती, समोर दाजी आणि स्वरूपा.

“पास झालो आई,” तो म्हणाला. “आता पुढचं वर्ष हितंच. मग नोकरी पण हितंच बघावी म्हणतोय.”

“लई चांगलं झालं रं माझ्या राजा,” आक्का म्हणाली. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. दाजींनी मान हलवली आणि तेलाची बुधली घेऊन पुढं गेले. स्वरूपा शेजारी सांगायला धावली. आक्कानं फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि चुलीवरचं उतू जातंय म्हणून पाठमोरी वळली. किशन इकडं दुसरी गोष्ट सांगायला शब्द जुळवत होता.

इथं एक सांगायला पाहिजे. मागाच्या घरातल्या बायका स्वतःशी बोलतात. दिवसभर एवढा आवाज, कुणाला काय ऐकू जाणार? सासूचं, नवऱ्याचं, नशिबाचं जे काही असेल ते त्या काम करता करता खुशाल मोठ्यानं बोलून टाकतात. समोर तोंड असलं तर ओठ दिसतील, म्हणून पाठ फिरवून बोलतात. माग बंद असले तरी ही सवय सुटत नाही. आणि आक्काचे कान कुठं शाबूत आहेत? आपण घशातल्या घशात पुटपुटतोय असं तिला वाटतं तेव्हा ते चांगलं बाहेर येत असतं. घरात कुणाला कळत नाही, कारण त्या घरातले सगळेच कान एका मापाचे.

पाठमोरी आक्का आमटी ढवळत म्हणाली, “झाला पास. आता कशाला येतंय पोरगं. देवीनं दोन डाव ऐकलं माझं. तिसऱ्यांदा न्हाय ऐकलं.”

आमटी ढवळणं थांबलं. “काय बोलतीयास गं बये, पोटच्या लेकराच्या वाइटावर,” ती म्हणाली आणि दोन्ही गालांवर हळूच चापट्या मारून घेतल्या. मग पुन्हा पळी फिरायला लागली. “पर एकदा डोळ्यांनी दिसलं असतं. बास. मग गेलं असतं कुठं जायचं तितं.”

“आई,” किशन म्हणाला.

आक्का वळली. चेहऱ्यावर हसू. “काय रं?”

“काय न्हाय. काय करालीस?”

“आमटी की. तू जेवलास काय?”

“जेवलो,” किशन म्हणाला, आणि फोन ठेवून मला लावला.

त्यानं सांगितलं तेव्हा आधी मला आक्काचा रागच आला. मुलगा तिकडं बुडतोय आणि ही बाई देवीला नवस बोलतेय. मी तावातावानं म्हणालो, थांब, आत्ताच्या आत्ता जाऊन तिला विचारतो. “नको मामा,” किशन म्हणाला. त्याचा आवाज आता हळू असतो, मलाच फोन कानाला घट्ट दाबावा लागतो. “सांगू नगंस तिला. ती मग गप्प बसंल.” मग मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आक्काचं, त्याचं, सगळ्यांचंच. एवढ्या वर्षांत मी त्या घरात किती वेळा जेवलो असेन, आणि ती पाठ फिरवून काय बोलत होती ते मला कधी कळलं नाही. मला तर कानही चांगले आहेत.

तिकीट काढून तो डिसेंबरात येणार आहे. यंत्रांचं त्यानं अजून सांगितलेलं नाही, केस अजून लांबच आहेत. अमावस्येला मात्र न चुकता फोन करतो. बोलून झालं तरी ठेवत नाही. फोन असाच राहू दे आई, मी हितं अभ्यास करतो, तू तुझं काम कर, असं सांगतो. आक्का फोन डब्याला टेकवते आणि चुलीकडं वळते. गेल्या महिन्यात मला म्हणाला, “मामा, आई दिवसभर माझं नाव घेती. मला म्हाईतच न्हवतं.”